मुरमांच्या खड्ड्यांवर लेझर: बिघडलेल्या एका उपचाराची आणि त्याच्या दुरुस्तीची नोंद

हे प्रकरण २६ वर्षांच्या एका तरुणाचे आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तो चार वर्षांपूर्वी मराठवाड्यातून पुण्यात आला. सदाशिव पेठेत आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि पोलीस उपनिरीक्षक पदासाठी लेखी परीक्षेबरोबर शारीरिक चाचणीही द्यावी लागत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ ग्राउंड करतो. त्याच्या लेखी संमतीने हे लिहीत आहे आणि त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून पुण्यात काम करताना असे रुग्ण मला सतत भेटतात. परंतु मुरमांच्या व्रणांवरील लेझरबाबत जे जे चुकू शकते आणि जे जे पुढे सुधारता येते, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात एकत्र आले होते, म्हणून ते सविस्तर मांडावेसे वाटले.

पहिली भेट

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला होता आणि खुर्चीत बसल्यावरही त्याने तो लगेच सोडला नाही. "मॅडम, खड्डे भरायला गेलो होतो, तोंड काळं करून आलो," हे त्याचे पहिले वाक्य. रुमाल उतरल्यावर दोन्ही गालांवर तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसली, चाळणीवरून रंग पुसावा तशी, आणि त्या जाळीखाली जुने खड्डे जसेच्या तसे होते. हनुवटीच्या कडेला पू भरलेले ताजे मुरूमही होते.

माहिती घेता घेता एक एक गोष्ट पुढे आली. मुरूम १७ व्या वर्षापासून होते, पुण्यात आल्यावर वाढले. खोलीतल्या मित्राने सुचवलेली एक ट्यूब त्याने मेडिकलमधून आणून आठ महिने रोज रात्री लावली होती. ती ट्यूब त्याने खिशातून काढून दाखवली. तीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन औषधे एकत्र होती. यातले मोमेटासोन हे स्टेरॉईड आहे. अशा अनेक स्टेरॉईड मलमांचा २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये समावेश केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती 'गोरे होण्याची ट्यूब' म्हणून मागितली की हातात पडतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात, आणि नेमका याच कारणाने माणूस ती सोडत नाही. सोडायचा प्रयत्न केला की आग होते, चेहरा लाल होतो, मुरूम दुप्पट उठतात. त्याने तीनदा सोडून तीनदा परत सुरू केली होती.

त्यानंतर खड्ड्यांसाठी त्याने एके ठिकाणी सहा सिटिंगचे पॅकेज घेतले, २४,००० रुपयांचे. ते पैसे घरून आले होते, सोयाबीन विकून. एप्रिलमध्ये पहिले आणि तीन आठवड्यांनी मे महिन्यात दुसरे सिटिंग झाले. ट्यूब लावतोस का, हे त्याला कोणी विचारले नाही. मुरूम चालू असतानाच लेझर मारले गेले. दुसऱ्या सिटिंगनंतर चौथ्या दिवशी तो ग्राउंडवर गेला. पुण्याच्या मे महिन्यात, दुपारी चार वाजता, डोक्यावर टोपी नसताना. उन्हात जाऊ नको असे त्याला सांगितले होते का, असे विचारल्यावर तो म्हणाला की एक छापील कागद दिला होता, इंग्रजीत. त्याच्याकडच्या कार्डावर 'लेझर, सिटिंग १' आणि 'लेझर, सिटिंग २' एवढेच लिहिलेले होते. कोणते यंत्र, किती ऊर्जा, किती घनता, किती फेऱ्या, याचा एक अक्षरही उल्लेख नव्हता. औषधाच्या चिठ्ठीवर फक्त 'गोळी' असे लिहिण्यासारखे हे आहे. मला त्याचा राग आला आणि आजही येतो, कारण पुढे जो कोणी डॉक्टर तो चेहरा हाताळेल त्याला अंधारात चाचपडावे लागते.

तपासणी

समोरून पडणाऱ्या प्रकाशात खड्डे सपाट दिसतात. म्हणून आम्ही खोलीतला दिवा बंद करतो, रुग्णाला पाठ टेकवून बसवतो आणि टॉर्च कानाच्या बाजूने, गालाला जवळजवळ समांतर धरतो. उन्हे कलल्यावर नांगरलेल्या रानातली प्रत्येक सरी उठून दिसते, तसा प्रत्येक खड्डा स्वतःची सावली टाकतो. मग दोन बोटांनी त्वचा ताणून पाहायची. काही खड्डे ताणताच नाहीसे होतात, काही अर्धवट उथळ होतात, आणि काही कितीही ताणले तरी टाचणीने टोचल्यासारखे काळे टिंब होऊन तसेच राहतात.

या तीन वागणुकींतच उपचाराची दिशा असते. मुरमांमुळे त्वचा खचून झालेल्या व्रणांचे तीन प्रकार मानले जातात आणि २००१ पासून हे वर्गीकरण जगभर वापरले जाते. पहिला 'आइस पिक', म्हणजे तोंडाशी २ मिलिमीटरपेक्षा अरुंद पण खोलवर निमुळता होत गेलेला. दुसरा 'बॉक्सकार', सरळ उभ्या कडांचा, कांजिण्यांच्या व्रणासारखा. तिसरा 'रोलिंग', ४ ते ५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, कडा नसलेला, लाटेसारखा. यात वरची त्वचा खालच्या थराशी तंतूंनी बांधली गेलेली असते, गोधडीला टाका घातल्यावर ती तेवढ्या जागी दबते तशी. ताणल्यावर जातो तो बहुधा रोलिंग, मुळीच न हलणारा आइस पिक.

या तरुणाच्या गालांच्या खालच्या भागात रोलिंग व्रण अधिक होते, कानशिलांजवळ सात-आठ बॉक्सकार, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून बारा आइस पिक आम्ही मोजून चेहऱ्याच्या नकाशावर खुणा केल्या. सर्वांत ठळक खड्डे हातभर अंतरावरून सहज दिसत होते, पण बरेचसे ताणल्यावर सपाट होत होते, म्हणून व्रणांची श्रेणी चारपैकी तीन ठरली (चार म्हणजे सर्वांत तीव्र). नाकावर आणि त्याच्या लगतच्या गालांवर छिद्रे मोठी दिसत होती. गालांची त्वचा पातळ, चकचकीत झाली होती, तिच्यात बारीक लाल रक्तवाहिन्या उमटल्या होत्या. ही आठ महिन्यांच्या स्टेरॉईडची खूण. आणि या सगळ्यावर लेझरने उठवलेली तपकिरी जाळी. बारकाईने पाहिल्यावर जाळीच्या चौकोनांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या दिसत होत्या, त्यामुळे दर दीड-दोन सेंटिमीटरवर एक गडद पट्टा तयार झाला होता. यंत्राचे टोक उचलून पुढे ठेवताना मागचा चौकोन जिथे संपला तिथून पुढचा सुरू करायचा असतो. इथे तो आत सरकला होता आणि त्या पट्ट्यांतल्या त्वचेला दुप्पट मारा बसला होता.

रुग्ण खड्डा, डाग आणि छिद्र या तिन्हींना मिळून 'चेहरा खराब झाला' असे म्हणतात. आमच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डाग हा रंगातला बदल आहे, पृष्ठभाग सपाटच असतो आणि ऊन टाळले तर तो बहुतेक वेळा महिन्यांच्या हिशेबाने आपोआप फिकट होतो. खड्डा म्हणजे गमावलेले किंवा खाली ओढले गेलेले ऊतक. तो वाट पाहून भरत नाही. छिद्र म्हणजे केसाचे मूळ आणि तेलग्रंथी यांचे सामाईक तोंड, ते प्रत्येकाला असते आणि असायलाच हवे. त्याला स्नायू नाही, त्यामुळे ते बर्फाने, वाफेने किंवा लेझरने 'बंद' होत नाही. तेल जास्त झिरपत असेल, तोंडाशी मळ साचला असेल किंवा भोवतालच्या त्वचेचा ताठपणा कमी झाला असेल तर ते मोठे दिसते, आणि यातले जे कारण कमी करता येईल तेवढ्या प्रमाणात ते लहान दिसू लागते.

जाळी का उमटली

हकिगतीच्या या काहीशा कोरड्या वाटणाऱ्या भागाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण 'लेझरने जाळले' या एका वाक्यात सगळे संपवले तर पुढचा रुग्ण त्याच वाटेने जातो.

खड्ड्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि ती ऊर्जा त्वचेतले पाणी शोषून घेते. पूर्वी असे लेझर त्वचेचा वरचा संपूर्ण थर उडवत असत. निकाल मिळायचा, पण जखम आठवडाभर ओली राहायची आणि सावळ्या त्वचेत कायमचे डाग पडण्याची भीती मोठी होती. २००४ मध्ये अमेरिकेतील डीटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी कल्पना मांडली: सगळी त्वचा जाळण्याऐवजी केसाच्या जाडीच्या आसपासचे असंख्य सूक्ष्म स्तंभ तेवढे तापवायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. त्या शाबूत पट्ट्यांतून पेशी सरकत येतात आणि लेझरने पाडलेली ही सूक्ष्म छिद्रे काही दिवसांत बुजतात. खालच्या थरात मात्र उष्णतेने जागे झालेले काम पुढे तीन ते सहा महिने चालू राहते, नवे कोलॅजेन तयार होते आणि खड्ड्याचा तळ हळूहळू वर येतो. म्हणजे सिटिंगनंतर पंधरा दिवसांनी जो 'फरक' दिसतो तो पुष्कळदा सूज असते. खरा निकाल नंतर येतो.

या सगळ्यात मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे रंगद्रव्य, हे या लेझरचे लक्ष्य नाही. मग डाग का पडतो? कारण उष्णतेमुळे दाह होतो, आणि आपल्याकडच्या त्वचेतल्या रंगपेशी कोणत्याही दाहाला रंग ओतून उत्तर देतात; मुरूम बसल्यावर, डास चावल्यावर, खरचटल्यावर जो काळसर डाग राहतो तो याच स्वभावाचा. त्वचेचे रंगावरून सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिक श्रेणीनुसार या तरुणाची त्वचा चौथ्या आणि पाचव्या प्रकाराच्या मधली, म्हणजे महाराष्ट्रात सर्रास आढळणारी. अशा त्वचेत एका स्तंभात किती ऊर्जा सोडली यापेक्षा ते स्तंभ किती दाट मारले याने डाग ठरतो, कारण दाट मारले की मधली शाबूत जागा उरत नाही आणि सगळ्या गालाची उष्णता एकत्र साचते. त्यात स्टेरॉईडने पातळ झालेली त्वचा, आधीच पेटलेले मुरूम, तीनच आठवड्यांनी दुसरा मारा आणि मे महिन्याचे ऊन. या पाचांपैकी एखादे कारण असते तर कदाचित निभावले असते.

आधी शांत करणे

"उरलेली चार सिटिंग तुमच्याकडे करता येतील का?" असे त्याने विचारले, कारण मुलाखत कधीही लागू शकेल असे त्याला वाटत होते. मी त्याला स्पष्ट सांगितले की निदान सहा महिने त्याच्या गालाला लेझर लागणार नाही, आणि मुलाखतीच्या तारखेवर उपचार बेतायचे असतील तर मी ते करणार नाही. त्याचा चेहरा उतरला. मुलाखत घेणारे त्याचे खड्डे मोजणार नाहीत हे मलाही ठाऊक होते आणि त्यालाही. पण आठ वर्षे आरशात तेच पाहिलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो, म्हणून मी ते सांगत बसले नाही. त्याऐवजी वर्षभराचा आराखडा कागदावर मराठीत लिहून त्याच्या हातात दिला.

ट्यूब बंद केली. तीन-चार आठवडे चेहरा खवळेल, हे आधीच सांगितले आणि आग झाली की परत ट्यूब न लावता फोन करायचा असे ठरले. त्याने दोनदा फोन केला. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच पहिल्या महिन्यात ठेवले. मुरमांसाठी सहसा दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही गोळी त्वचेला उन्हाबाबत हळवी करते, आणि रोज मैदानावर असणाऱ्या मुलाला ती देणे मला पटले नाही. व्रण पाडणाऱ्या मुरमांना आयसोट्रेटिनॉइन हेच समर्पक औषध आहे. यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी करून ते रोज १० मिलिग्रॅमवर सुरू केले, म्हणजे सुरुवातीचा भडका टळेल, आणि महिन्याने २० केले. या औषधाने काहींचे स्नायू दुखतात, विशेषतः भारी व्यायाम करणाऱ्यांचे. म्हणून गोळाफेक आणि पळण्याच्या सरावाच्या दिवसांत काय जाणवते ते त्याने लिहून ठेवायचे होते. जिमातल्या ओळखीने घेतलेली व्हे प्रोटीनची पावडरही थांबवली, कारण काही जणांचे मुरूम तिच्याने वाढलेले दिसतात आणि मेसच्या डाळ, उसळ, अंड्यांतून त्याची गरज भागत होती.

सनस्क्रीनवर मी एक आख्खी भेट घालवली. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढे लावत होता. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढल्यावर जेवढे होते तेवढे चेहरा व मानेला लागते, आणि घाम येत असेल तर दोन तासांत पुन्हा. सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे तर दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो, त्यामुळे लोहऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. त्याचा रंग त्याला 'मेकअप' वाटला आणि पटायला वेळ लागला. ग्राउंडची वेळ बदलली: पहाटे साडेपाच ते सात, सणस मैदानावर किंवा तळजाईवर, आणि संध्याकाळचे सत्र सूर्य मावळल्यावर. डागांसाठी ॲझेलिक ॲसिड दिले. जाळी सप्टेंबरअखेर बरीच पुसली गेली, दुप्पट मार बसलेले पट्टे मात्र नोव्हेंबरपर्यंत दिसत राहिले.

याच काळात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि तिने त्याला हुरूप आला. तेल कमी झाल्यामुळे नाकाजवळची छिद्रे लहान दिसू लागली होती, एकही लेझर न मारता. मी त्याला हेही सांगून ठेवले की औषध थांबल्यावर तेल काही प्रमाणात परत येईल आणि छिद्रेही; ते रोखण्यासाठी रात्री अ‍ॅडापलिन हे मलम लावणे दीर्घकाळ चालू ठेवावे लागेल. छिद्रांसाठी म्हणून बाजारात जे कार्बन लावून लेझर करतात, त्याने चेहरा तात्पुरता तुकतुकीत दिसतो. त्यासाठी या मुलाचे पैसे खर्च करावेत असे मला वाटले नाही.

सुईचे काम

ऑक्टोबरात मुरूम पूर्ण बसल्यावर आम्ही खड्ड्यांना हात घातला, आणि सुरुवात सुईने केली. टाका घातलेल्या गोधडीवरून कितीही इस्त्री फिरवली तरी टाका आहे तोवर ती जागा वर येत नाही. रोलिंग व्रणांच्या बाबतीत लेझर ही इस्त्री आहे आणि सबसिजन म्हणजे टाका उसवणे. १९९५ मध्ये वर्णन झालेली ही पद्धत साधी आणि स्वस्त आहे. गाल बधिर करून, खड्ड्याच्या बाजूला एका छिद्रातून बोथट टोकाची नळी त्वचेखाली सरकवायची आणि पंख्यासारखी पुढेमागे फिरवून तंतू तोडायचे. तंतू तुटताना करकर असा बारीक आवाज येतो. हाताला तो आधी कळतो, कानाला नंतर. रुग्णाला दुखत नाही पण आवाज ऐकू येतो, म्हणून तो आधी सांगावा लागतो, नाहीतर माणूस दचकतो. दोन्ही गाल दोन आठवडे काळेनिळे होते. सहा आठवड्यांनी हेच पुन्हा केले, आणि दुसऱ्या वेळी करकर बरीच कमी होती.

आइस पिकसाठी 'क्रॉस' ही पद्धत वापरली, जी २००२ मध्ये कोरियातून पुढे आली. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडच्या तीव्र द्रावणात टूथपिकचे टोक बुडवायचे, ते फक्त खड्ड्याच्या तळाला टेकवायचे, आणि काही सेकंदांत तिथे खडूसारखा पांढरा ठिपका उमटला की थांबायचे. द्रावण कडेला सांडले तर कड जळते आणि खड्डा रुंदावतो. आम्ही सावळ्या त्वचेचा विचार करून ७० टक्क्यांचे द्रावण घेतले, तरीही उजव्या गालावरच्या दोन खड्ड्यांच्या कडा दुसऱ्या वेळी किंचित रुंद झाल्या. ती चूक माझी. टोक जरा जाड होते आणि मी ते बदलायला हवे होते.

अखेर लेझर

आयसोट्रेटिनॉइन नोव्हेंबरअखेर थांबवले. या औषधानंतर सहा महिने कोणतेही लेझर करू नये, असा दंडक आम्ही शिकत असताना होता. २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की फ्रॅक्शनल लेझर पुढे ढकलण्याला पुरेसा आधार नाही. संपूर्ण चेहऱ्याच्या यांत्रिक घासणीबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. तरीही ज्या त्वचेने एकदा दगा खाल्ला आहे तिथे मी कागदावरच्या परवानगीवर विसंबत नाही. डिसेंबरच्या मध्याला डाव्या कानापुढे एका नाण्याएवढ्या जागेत चाचणी केली आणि पाच आठवडे वाट पाहिली. हलका तपकिरीपणा आला आणि महिन्याभरात गेला.

पहिले पूर्ण सिटिंग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. तापानंतर ओठाला जर (विषाणूमुळे येणारे बारीक फोड) उठतो का, हे आधी विचारले; त्याला दोन वर्षांपूर्वी उठला होता, म्हणून ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या आदल्या दिवसापासून सुरू केल्या, कारण लेझरने उघड्या पडलेल्या गालावर तो विषाणू पसरला तर नवे व्रण पडतात. बधिर करणारे मलम तासभर लावून पूर्ण पुसून काढले, डोळ्यांवर धातूची झाकणे बसवली, धूर ओढून घेणारी नळी गालाजवळ धरली. ऊर्जा मध्यम, घनता (त्वचेचा जेवढा हिस्सा प्रत्यक्ष लेझरखाली येतो तो) पाच टक्क्यांच्या आसपास, फक्त एक फेरी, चौकोनाला चौकोन लावून पण एकावर एक न चढवता. बॉक्सकारच्या कडांवर तेवढी ऊर्जा थोडी वाढवली. प्रत्येक आकडा त्याच्या कार्डावर लिहिला. दोन्ही गालांना मिळून प्रत्यक्ष लेझर वीस मिनिटेही चालले नाही, त्याआधीची आणि नंतरची तयारी दोन तासांची होती. त्या रात्री गाल उन्हात भाजल्यासारखे तापले, तीन दिवस लाल राहिले, मग बारीक वाळूसारखी खपली धरली आणि सहाव्या-सातव्या दिवशी ती व्हॅसलीनखाली आपोआप सुटली. ती नखाने काढायची नाही, हे त्याच्या खोलीतल्या मित्रांनाही फोनवर सांगितले होते.

दुसरे सिटिंग मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाले आणि तिथे एक अडचण आली. नवव्या दिवशी त्याला घरच्या एका कार्यासाठी गावी जावे लागले. तिथे तो उन्हात फिरला नाही, सनस्क्रीनही लावले, पण परतीच्या प्रवासात एसटीत डाव्या खिडकीशी सहा तास बसला, दुपारभर, आणि काच बंद असल्यामुळे पुन्हा लावायची गरज त्याला वाटली नाही. साधी काच अतिनील किरणांतल्या एका मोठ्या हिश्शाला अडवत नाही. डाव्या गालफडावर रुपयाएवढा तपकिरी पट्टा आला, उजवा गाल स्वच्छ राहिला. ॲझेलिक ॲसिड परत सुरू केले आणि सात आठवड्यांत तो गेला. काचेबद्दल सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. तेव्हापासून रुग्णांना द्यायच्या मराठी कागदावर तो मुद्दा वरच्या बाजूला आहे.

एप्रिल आणि मे महिन्यांत आम्ही काहीही केले नाही. तिसरे सिटिंग जुलैअखेर, ढगाळ दिवसांत झाले, अर्थात ढगांतूनही किरण येतात म्हणून सनस्क्रीनला सुटी नव्हती.

आजची स्थिती

तिसऱ्या सिटिंगनंतर पाच महिन्यांनी, पहिल्या दिवशी ज्या खोलीत, ज्या टॉर्चने आणि ज्या अंतरावरून फोटो काढले होते तसेच पुन्हा काढले. रोलिंग व्रण बहुतेक वर आले आहेत. कडेने प्रकाश टाकल्यावर एखादी उथळ लाट दिसते. बॉक्सकारच्या कडा बोथट झाल्या असून खोली साधारण अर्धी राहिली आहे. बारापैकी पाच आइस पिक अजून स्पष्ट आहेत, रुंदावलेले दोन त्यांतच. श्रेणी तीनवरून दोनवर आली. माझ्या मते यातला मोठा वाटा सबसिजनचा आणि बसलेल्या मुरमांचा आहे, लेझरने पृष्ठभाग एकसारखा केला. छिद्रे जूनपूर्वीच्या मानाने लहान आहेत, ऑक्टोबरच्या मानाने थोडी मोठी.

उरलेल्या खड्ड्यांसाठी पुढचा पर्याय म्हणजे प्रत्येक खड्डा 'पंच' या गोल धारेच्या सूक्ष्म हत्याराने कापून काढणे आणि एकेका टाक्याने शिवणे. त्याबद्दल बोलायला तो आला तेव्हा मी टॉर्च शोधत होते. त्याने स्वतःच खिडकीकडे कान करून बसून दोन बोटांनी गाल ताणला आणि म्हणाला, "हे बघा मॅडम, हे ताणले तरी जात नाहीत, एवढ्यांचंच करू. बाकीचे जातात, ते राहू द्या." टाके कधी घालायचे, हे शारीरिक चाचणीचा दिवस जाहीर झाल्यावर, त्याच्या मागेपुढे दोन आठवडे मोकळे सोडून ठरवायचे आहे.